श्रेयनामावलीतला टॉवेल

काकांनी आयुष्यात एकच चित्रपट लिहिला आणि त्यातला एकच प्रसंग लोकांच्या लक्षात राहिला. बाकीचा चित्रपट लोक विसरले याचं काकांना फारसं दुःख नव्हतं. त्यातला बराचसा ते स्वतःही विसरले होते. पण तो एक प्रसंग मात्र त्यांना असा काही चिकटला, की इमारतीतली निम्मी माणसं त्यांना पाठीमागे 'टॉवेलकाका' म्हणत आणि उरलेली निम्मी तोंडावर म्हणत.

प्रसंग सांगायचा तर दोन मिनिटांचा. सासूला जाऊन महिना झालेला. सकाळची गडबड. सून चहा ओततेय, मुलांच्या नावाने ओरडतेय. बंद बाथरूममधून सासूचा आवाज येतो, "टॉवेल दे गं." सून सवयीने दोरीवरचा टॉवेल ओढते आणि दाराच्या फटीतून आत देते. ओला हात तो घेतो. सून परत ओट्याकडे वळते. दोन सेकंद जातात. मग तिला आठवतं.

एवढंच. ना किंकाळी, ना संगीत. पस्तीस वर्षांपूर्वी तो प्रसंग बघून अनेक घरांतली माणसं आंघोळीला जाताना टॉवेल न विसरता आत न्यायला लागली, असं काका सांगत. अनेक म्हणजे किती, हे कोणी विचारलं नव्हतं. चित्रपटानंतर काका पुन्हा विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात जाऊन बसले. 'आपलं पत्र मिळालं, विषय विचाराधीन आहे' या वाक्याचे त्यांनी सव्वीस वेगवेगळे प्रकार तयार केले आणि यथावकाश निवृत्त झाले.

एका सकाळी इमारतीचे सेक्रेटरी वर्तमानपत्र घेऊन दोन जिने चढून वर आले. त्यांचा गुडघा दुखरा होता, त्यामुळे ते जिने दोनच कारणांसाठी चढत: कोणाच्या घरातून गळती होत असेल तर, किंवा कोणावर अन्याय होत असेल तर. आज गळती नव्हती. त्यांनी काकांपुढे वर्तमानपत्र ठेवलं आणि एका चौकटीवर बोट टेकवलं. काकांचा चित्रपट ज्या भयकादंबरीवरून निघाला होता, तिच्यावर पुन्हा चित्रपट निघणार होता. नवा दिग्दर्शक, नवे नट, पटकथा तीन तरुण लेखकांची. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं, की टॉवेलचा गाजलेला प्रसंग नव्या चित्रपटातही असेल.

काकांनी बातमी दोनदा वाचली. तीत सगळ्यांची नावं होती. प्रकाशयोजना करणाऱ्याचंसुद्धा होतं.

"वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही गेलात," सेक्रेटरी म्हणाले.

काकांनी सांगितलं की त्यांना नावाची हाव नाही. हे त्यांनी अशा काही आवाजात सांगितलं, की स्वयंपाकघरातल्या काकूंनी तिथूनच ओळखलं, आता काही खरं नाही.

तरीही गोष्ट तिथेच मिटली असती. काकांचा स्वभाव मुळात विचाराधीन ठेवण्याचा. पण त्याच दुपारी त्यांची दाढ भरायची होती, दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंकडे. बाईंच्या कानावर बातमी आधीच आली होती. त्यांनी काकांच्या तोंडात दोन बोटं, एक आरसा आणि एक नळी घातली आणि मग सल्ला द्यायला सुरुवात केली. लेखक संघटनेची श्रेय समिती असते, तिच्याकडे रीतसर अर्ज करा, हक्काची गोष्ट अशी सोडू नका, लढणार ना, असं त्यांनी विचारलं. काका "आं" म्हणाले. त्या परिस्थितीत दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं, की काका लढणार आहेत. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर हात हातात घेऊन अभिनंदनही केलं. आता मागे फिरणं म्हणजे इमारतीचा अपमान.

लेखक संघटनेचं कार्यालय एका छपाईच्या दुकानाच्या वर होतं. खाली यंत्र सुरू झालं की वरचं टेबल थरथरायचं आणि त्यावर केलेली प्रत्येक सही जरा म्हातारी दिसायची. तिथल्या कारकुनाने काकांना अकरा पानी अर्ज दिला. अर्जदार हयात आहे किंवा कसे, असा एक रकाना होता. काकांनी 'आहे' लिहिलं. कारकुनाने दाखला मागितला. काका म्हणाले, मी तुमच्यासमोर उभा आहे. कारकून सौम्यपणे म्हणाला की ते आज. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.

जुन्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत काकांच्या नावाशेजारी आणखी एक नाव होतं. ते दिग्दर्शकाच्या मेहुण्याचं. मेहुण्याने पटकथेला काय हातभार लावला, हे काकांना तेव्हाही कळलं नव्हतं. पण नियमानुसार सहलेखकाची संमती लागत होती. काकांनी तीन दिवस शोधाशोध करून मेहुण्याला गाठलं. तो आता पाण्याचे पंप विकत होता. त्याने न वाचता सही केली आणि आपण एक चित्रपट लिहिला होता हे ऐकून त्याला मनापासून आनंद झाला.

खरी मेख पुढे होती. कारकुनाने नियम समजावून सांगितला. नवा चित्रपट कादंबरीवरून निघतो आहे, जुन्या चित्रपटावरून नाही. तेव्हा जुन्या पटकथाकाराला नाव हवं असेल, तर नव्या पटकथेत त्याच्या पटकथेतलं असं काही दाखवायला हवं, जे कादंबरीत नव्हतं. काका मनातल्या मनात हसले. टॉवेल कादंबरीत नव्हताच. कादंबरीतली सासू नुसती दारं आपटत होती.

नवी पटकथा घरी न्यायची परवानगी नव्हती. कारकुनाच्या नजरेसमोर, थरथरत्या टेबलावर बसून काकांनी ती वाचली. एकसष्टाव्या पानावर तो प्रसंग आला. चहा होता, दोरी होती, ओला हात होता. 'दोन सेकंद. मग तिला आठवतं,' हे त्यांचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं होतं. पस्तीस वर्षांनी परक्या टायपात ते वाचताना काकांना भरून आलं. आपल्या मुलाला दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या कपड्यात बघावं तसं झालं.

मग कारकुनाने निर्मात्याचं उत्तर त्यांच्यापुढे सरकवलं. त्यात एकच ओळ होती: सदर प्रसंग मूळ कादंबरीच्या पृष्ठ १४३ वरून घेतला आहे.

काका म्हणाले, शक्य नाही. त्यांच्या घरी कादंबरी होती, खाकी कव्हर घातलेली, आणि तिच्यात असं पानच नव्हतं. कारकुनाने खण उघडून दुसरी प्रत काढली. चौथी आवृत्ती, चित्रपटानंतर सहा वर्षांनी निघालेली. 'लेखिकेने नव्याने संस्कारित केलेली,' असं आतल्या पानावर छापलं होतं. काकांनी एकशे त्रेचाळिसावं पान काढलं.

टॉवेल तिथे होता. कादंबरीकार बाईंनी तो प्रसंग उचलून आपल्या घरात आणून ठेवला होता. काकांना संताप यायला हवा होता, आणि तो यायला निघालाही होता. पण परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य होतं, जे काकांनी लिहिलेलं नव्हतं. 'थोड्या वेळाने टॉवेल बाहेर आला, तेव्हा तो कोरडा होता.'

काका बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिले. खालचं यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. हे आपल्याला का सुचलं नाही, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. चोरी झालेल्या माणसाला चोराने दागिना उजळून ठेवलेला दिसावा, अशी त्यांची गत झाली.

समितीपुढे सुनावणी झाली. अध्यक्षांनी स्वतः बेचाळीस चित्रपट लिहिले होते आणि त्यातला एकही प्रसंग कोणाला आठवत नव्हता, म्हणून काका त्यांच्याशी जरा नरमाईने बोलले. तारखा स्पष्ट आहेत, असं अध्यक्ष म्हणाले. आधी पहिली आवृत्ती, मग चित्रपट, मग चौथी आवृत्ती. पण बाईंनी प्रसंग चित्रपटावरूनच घेतला हे तारखा सांगत नाहीत. त्यांना तो आधीच सुचला असेल, लिहायचा राहिला असेल. तेव्हा त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आणा. मग पाहू.

कादंबरीकार बाई हयात होत्या, सत्त्याऐंशी वर्षांच्या, भाचीकडे राहत होत्या. काकांचा त्यांच्याशी आजवरचा पत्रव्यवहार म्हणजे एक पोस्टकार्ड. जुना चित्रपट बघून त्यांनी लिहिलं होतं, 'तुमची पटकथा माझ्या कादंबरीपेक्षा लवकर संपते.' ही स्तुती की टीका, याचा उलगडा काकांना अजून झाला नव्हता.

दार भाचीने उघडलं. बाईंच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि खिडकीबाहेर शाळेचं मैदान होतं. बाईंनी उभं आयुष्य रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढलं होतं आणि कादंबऱ्या रविवारी लिहिल्या होत्या. अजूनही त्या समोरच्या माणसाकडे नमुना बघावा तशा बघत. काकांनी आणलेला मजकूर त्यांनी वाचायला घेतला आणि आधी त्यातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. मग त्या थांबल्या. मजकूर पुन्हा वाचला. भाचीला सांगून कपाटातून पहिली आवृत्ती काढवली आणि चष्मा वर करून पानं उलटत राहिल्या. बाहेर मैदानावर शिट्टी वाजली, मुलं पळाली, परत आली.

"यात नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, हा मीच लिहिलाय. इतकी वर्षं."

त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. काकांनी येताना वाटेत दोन कडक वाक्यं तयार केली होती. ती कुठे गेली ते त्यांना कळलं नाही.

"कुठून आणलात हो हा?" बाईंनी विचारलं.

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. काकांनी सांगितलं. त्यांची आई आंघोळीला जाताना कधी टॉवेल न्यायची नाही. रोज सकाळी आतून हाक, आणि काका दाढी अर्धी सोडून उठणार, चिडचिडत टॉवेल देणार. ती गेली. आठवड्याने काका दाढी करत होते. हाक वगैरे काही आली नाही. पण ते उठले, दोरीवरचा टॉवेल घेतला आणि बाथरूमपाशी जाऊन उभे राहिले. दार उघडंच होतं. आतली फरशी कोरडी होती. किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. काकू आल्या, त्यांनी काही न बोलता हातातला टॉवेल काढून घेतला.

"मी भुताचा प्रसंग लिहिलाच नव्हता, बाई," काका म्हणाले. "मी फक्त दार लावून घेतलं आणि आतून हात येऊ दिला."

बाईंनी टेबलावरचं पेन घेतलं आणि मजकुराखाली सही करायला वाकल्या. तेवढ्यात भाची पुढे झाली. ती हळूच म्हणाली, की मावशी, चित्रपट कंपनीला आपण लिहून दिलंय, पुस्तकातला शब्द न् शब्द तुझाच आहे. आता हे दिलंस तर ते काय म्हणतील?

बाई म्हणाल्या, म्हणू देत. पण पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं आणि त्याखाली शाईचा ठिपका वाढत गेला. काकांनी तो ठिपका पाहिला, बाईंचा हात पाहिला आणि झटकन कागद ओढून घेतला. अरेरे, हा अर्ज जुन्या नमुन्यातला आहे, नवा घेऊन येतो, असं म्हणून त्यांनी तो पिशवीत कोंबला. विमा कंपनीत तीस वर्षं काढल्यावर नमुना चुकल्याचं खोटं सांगणं अवघड जात नाही.

दुसऱ्या दिवशी ते संघटनेत गेले आणि अर्ज मागे घ्यायचाय म्हणाले. त्यासाठी वेगळा नमुनाच नव्हता. अर्ज मागे घ्यायला आजवर कोणी आलं नव्हतं. लोक वारत, पण मागे घेत नसत. शेवटी कारकुनाने कोरा कागद दिला आणि कारण लिहायला सांगितलं. काकांनी लिहिलं, 'सदर प्रसंग माझा नाही.' टेबल थरथरत होतं, तरी अक्षर स्वच्छ आलं.

"मग कोणाचा?" कारकुनाने विचारलं.

"ते समितीने विचारलेलं नाही," काका म्हणाले.

ही बातमी इमारतीत काकांच्या आधी पोचली, आणि पोचेपर्यंत तिने बराच आकार घेतला. टॉवेलचा प्रसंग काकांनी कुठून तरी ढापला होता, समितीने तो पकडला, काकांनी लेखी माफी मागितली, असं तिचं अंतिम रूप होतं. तळमजल्यावरच्या ज्या गृहस्थांनी अभिनंदन केलं होतं, त्यांनी ते परत घेतल्यासारखी मान वळवली. दंतवैद्य बाईंनी उरलेली दाढ एक शब्दही न बोलता भरली. सेक्रेटरी जिना चढून आले नाहीत. त्यांनी काकांना खालीच गाठून विचारलं, की निदान चित्रपट तरी तुम्हीच लिहिला होता ना? काका मान ताठ ठेवून घरी आले आणि खुर्चीत बसल्यावर ती खाली घातली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्या भाजी निवडत होत्या. काका म्हणाले, तुला काही वाटत नाही का? पस्तीस वर्षांत माझ्या हातून एकच गोष्ट झाली, आणि ती माझी नाही असं मी स्वतःच्या हाताने खोटं लिहून दिलं.

"खोटं काय त्यात?" काकू म्हणाल्या. "आईंचा होता तो. तुम्ही नुसता टॉवेल घेऊन उभे होतात."

हे बोलणं काकांना आधी लागलं. मग दोन-तीन दिवसांनी, काय झालं कोण जाणे, लागेनासं झालं. त्यांनी पुन्हा खाली बागेत फेऱ्या मारायला सुरुवात केली. कोणी 'टॉवेलकाका' म्हणेनासं झालं होतं, आणि ते नाव आपल्याला आवडत होतं की नव्हतं, याचा त्यांना आता नक्की निर्णय करता येईना.

आठ महिन्यांनी चित्रपट लागला. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला या, असं बाईंच्या भाचीने फोन करून सांगितलं. मावशीने हट्टच धरलाय. काका-काकू गेले. बाई आधीच येऊन बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, कानातलं यंत्र नीट बसवून. भाचीला पलीकडे सरकवून त्यांनी काकांना शेजारी बसवून घेतलं. श्रेयनामावली आली. कथेला बाईंचं नाव, पटकथेला तिघा तरुणांची. काकांनी ती सगळी नीट वाचली. प्रकाशयोजनेचं नावसुद्धा वाचलं.

सासू गेली. महिना गेला. सकाळ झाली. सून चहा ओतायला लागली, तसे काका नकळत पुढे सरकले, आणि त्यांच्या लक्षात आलं की बाईही सरकल्या आहेत. कॅमेरा बाथरूमच्या दाराकडे वळला. संगीताने धडकी भरवली आणि दार फोडून वीतभर नखांचा हिरवा हात बाहेर आला. त्याने सुनेचा गळा धरला. प्रेक्षक मनापासून किंचाळले.

टॉवेल नव्हता. दोरीसुद्धा नव्हती.

मध्यंतरात भाची जागा सांभाळत आत थांबली आणि तिघं बाहेरच्या बाकावर येऊन बसली. समोरून हातात चहाचा कागदी पेला घेऊन संघटनेचा कारकून आला. त्याला फुकटचा पास मिळाला होता. त्याने मोठ्या उत्साहाने सगळा घोळ सांगितला. ज्या आठवड्यात काकांनी प्रसंग माझा नाही असं लिहून दिलं, त्याच आठवड्यात बाईंनीही भाचीला न विचारता कंपनीला पत्र टाकलं होतं, की हा प्रसंग माझा नाही, चित्रपट लिहिणाऱ्या गृहस्थांचा आहे. संघटनेने काकांचा कागद कंपनीकडे पाठवला. तिथल्या वकिलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. जुना लेखक म्हणतो माझा नाही. लेखिका म्हणते माझा नाही. म्हणजे कोणी तरी तिसरा आहे, आणि तो चित्रपट लागल्यावर उगवणार. शूटिंग झालेलं होतं, तरी वकिलाने प्रसंग काढायला लावला. बेवारस मालाला हात लावायचा नाही म्हणाला.

कारकून चहा पीत निघून गेला.

"तुम्ही खोटं लिहून दिलंत," बाई म्हणाल्या.

"तुम्ही खरं लिहून दिलंत," काका म्हणाले. "नुकसान त्याने जास्त झालं."

बाईंनी यावर विचार केला आणि मान्य असल्यासारखी मान हलवली. आत घंटा वाजली. माणसं पेले टाकून आत शिरायला लागली. काकूंनी विचारलं, आपण जायचं ना? पुढे काय होतं ते मला माहीत आहे, असं बाई म्हणाल्या, आणि त्या लेखिका असल्यामुळे त्यावर कोणाला काही बोलता आलं नाही. हळूहळू सगळी माणसं गेली. झाडणारी बाई बाकापर्यंत आली आणि त्यांचे पाय बघून वळून गेली. बंद दारांमागून पुन्हा तो हात निघाला असावा, कारण सगळं सभागृह एकदम किंचाळलं.

बाईंनी कानातलं यंत्र जरा हलवलं आणि ते किंचाळणं संपेपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"आपला बरा होता," त्या म्हणाल्या.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनीही ऐकलं होतं.